चंद्रोदयाआधीचा खजूर

बाप्पा समुद्र ओलांडून येतो का, ही शंका मला आजारपणातच आली. धडधाकट होतो तेव्हा असल्या प्रश्नांना फुरसतच नव्हती. यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेत गुठळी झाली, पोटात पाणी भरलं आणि लिव्हर एन्झाइम्सचे आकडे दर रिपोर्टला वाढू लागले. रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. बायको-मुलं देवरुखला, मी बहरीनमध्ये, नईम भागातल्या एका जुन्या इमारतीत एकटा. सुटीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलणं होत नसे. मग गणपतीच्या तसबिरीशीच बोलायचो, आपला आवाज अजून शाबूत आहे ना ते बघायला.

एकटा माणूस देवाशी सौदे फार करतो. मीही नवस बोललो, आकडे उतरेपर्यंत संकष्टी निर्जळी करीन. उपाशी राहू नका, तुमच्या यकृतात आता साखर साठून राहत नाही, एकाएकी शुद्ध हरपेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, ह्यांना नवसातलं काय कळतं! बायकोला फोनवर सांगितलं, तर तीही तिकडे माझ्यासाठी तसाच उपास धरून बसली.

ती संकष्टी रमजानात आली. दुपारपासून धुळीचं वारं सुटलं होतं. दिवस मावळायला आला तसे माझे हात कापू लागले, सदरा घामाने भिजला. चंद्रोदयाला अजून बराच अवकाश होता. समोर पाणी होतं, पण प्यायचं धाडस होईना. इथेच पडलो तर कुणाला कळायचं कधी, ह्या विचाराने मला रडू कोसळलं. "बाप्पा, आता तूच काय ते बघ," एवढंच म्हणू शकलो.

सूर्यास्ताची, मगरिबची बांग झाली आणि दार वाजलं. खालच्या मजल्यावरची म्हातारी बहरीनी बाई होती. जिन्यातल्या सलामापलीकडे आमची ओळख नव्हती. रमजानात शेजाऱ्यांकडे ताट पोचवायची इथली रीत, म्हणून ती खजूर आणि पाकातले गोड गोळे घेऊन आली होती. माझा अवतार बघून ती दचकली.

"क्या हुआ? तू भी रोजा?"

"हां अम्मा. चांद निकलने तक."

टेबलावरची औषधं तिने पाहिली. "बीमार को माफ है. मैं भी नहीं रखती, शुगर है मेरे को. यल्ला, खाओ."

"भगवान नाराज होगा."

"काहे को? वो तेरा दुश्मन है?"

तिने एक खजूर बी काढून माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला, वर पाणी प्यालो. माझी थरथर थांबेपर्यंत ती खुर्चीवर बसून राहिली.

ती त्या दिवशी साऱ्या इमारतीत ताटं वाटत असेल, असं कुणी म्हणेल. असेलही. मी वाद घालत नाही. माझ्यापुरता बाप्पा आला होता आणि त्याने मला दटावून खायला घातलं होतं. आकडे आजही चढतात, उतरतात. मी गोळ्या घेतो, वेळेवर जेवतो, बाकीचं त्याच्यावर सोडलंय.

त्या संध्याकाळी म्हातारी गेल्यावर मी देवरुखला बायकोला फोन लावला. तिकडेही चंद्र उगवायचा होता.

"मी खाल्लं," मी म्हटलं. "तूही पाणी पी."

"अहो, आणि नवस?"

"सोडला. त्याला आपल्याला उपाशी मारायचं नाहीये गं."

मग फोनमधून तिचा पाणी पितानाचा आवाज आला, दिवसभराच्या कोरड्या घशाचा, घोटामागून घोट. तो थांबेपर्यंत मी फोन कानाला धरून हात जोडल्यासारखा बसून होतो.