धुऱ्यावरून नागपूरपर्यंत

नागरिकशास्त्र शिकवताना मी फळ्यावर शिडी काढायचो. खाली तालुक्याचं कोर्ट, वर जिल्हा न्यायालय, मग उच्च, मग सर्वोच्च. पोरांना सांगायचो, आपल्याकडे सरकारं दोन, केंद्राचं आणि राज्याचं, पण न्यायाची शिडी एकच. काही संघराज्यांत शिड्याही दोन असतात. निवृत्त झालो आणि आमचंच घर त्या शिडीवर चढलं.

शेजाऱ्याचा कापूस आमच्या धुऱ्याजवळच्या, म्हणजे बांधालगतच्या, गाडवाटेनं निघायचा, वडिलांच्याही आधीपासून. थोरल्या भावानं वाट अडवली. शेजारी नेरच्या तालुका कोर्टात गेला आणि जिंकला. आम्ही यवतमाळला अपील केलं, तिथंही हरलो. शेत दोघा भावांच्या नावावर, म्हणून प्रत्येक वकालतनाम्यावर माझीही सही.

त्या निकालानंतर आम्ही सगळे एकाच एसटीनं परतलो. शेजाऱ्यानं रुमाल टाकून माझ्यासाठी जागा धरली होती.

"सर, आता तरी वाट मोकळी समजू ना?"

मागच्या सीटवरून भाऊ म्हणाला, "अजून नागपूर हाय."

"माहा कापूस नागपूरवरून फिरवून आनू म्हन्ता का, भाऊ?"

गाडी हसली. मीही हसलो. भाऊ हसला नाही.

नागपूरला, म्हणजे हायकोर्टात, दुसरं अपील करायला कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न लागतो. आमच्या वकिलांनी तो शोधला. आम्हा भावांना तो तोवर कधी पडला नव्हता. निकाल लागेपर्यंत स्थगिती मिळाली, म्हणजे वाट बंदच. टपरीवर लोक सरकून भावाला जागा देऊ लागले. "काय म्हन्ते तुमची हायकोर्टाची केस?" पोरगा परदेशी असल्यासारखा तो सांगायचा, "चालू हाय." सही करताना मी म्हणालो होतो, शिडीचं पुढचं टोक दिल्लीला टेकतं बरं का. एवढा टोमणा मारला की विरोध केल्यासारखं वाटतं.

यंदा वेचणी सुरू झाली. वाटेवर आमचा ट्रॅक्टर आडवा, आणि शेजाऱ्याच्या घरच्या बाया कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन नाल्याच्या काठानं लांबचा फेरा घालत होत्या. मी धुऱ्यावर उभा होतो. शेजाऱ्याची बायको माझ्यासमोर, वाटेच्या तोंडाशी गाठोडं खाली टेकवून थांबली. मला वाटलं, आता शिव्या देईल. मी तयारही होतो. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"भाऊजी, जरा हात लावता का?"

मी खाली वाकलो. गाठोडं चांगलंच जड होतं. तेवढ्यात बाभळीखालून भाऊ ओरडला, "अबे, वाटेवर उभा राहून नको उचलू! उद्या वहिवाटीचा पुरावा होईल!"

तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि स्वतःच गाठोडं धरून वाटेबाहेर, आमच्या हद्दीपलीकडे ओढलं, मला अडचण नको म्हणून. मी तिथं जाऊन ते तिच्या डोक्यावर चढवलं. चुंबळ नीट करत ती म्हणाली, "लय उपकार झाले," आणि नाल्याकडे वळली.