लोडला लागलेली हळद

नवलाख उंबरे गावची सारिका शेजारच्या केबलच्या कारखान्यात टेस्टिंगला लागली, तेव्हा गावातल्या बाया तिला "वायरी काय मोजायच्या असत्यात गं?" म्हणून चिडवायच्या. सारिका त्यांना ऐटीत समजावून सांगायची. टॉवरला जी जाड केबल असते, तिच्यात एका टोकानं सिग्नल सोडला की तो गुमान दुसऱ्या टोकाला गेला पाहिजे. केबल सदोष असली, जोड नीट बसला नसला, की त्यातला थोडा माघारी फिरतो. किती फिरला हे सांगणारं यंत्र म्हणजे नेटवर्क अॅनालायझर. अख्ख्या कारखान्यात ते एकच होतं आणि त्यावर सारिका बसायची.

बसायची, म्हणजे समीक्षा येईपर्यंत. वडिवळ्याची ही पोरगी डिप्लोमा करून आली आणि थोड्याच दिवसांत कारखान्याचे प्रदीप साहेब "समीक्षा, जरा बघ गं" म्हणायला लागले. "सारिका, जरा बघ" हे वाक्य कारखान्यातून नाहीसंच झालं. पोरगी उर्मट असती तर सारिकाचं निम्मं दुखणं बरं झालं असतं. पण ती डबा उघडला की आधी "घ्या ताई" म्हणून पुढं करायची. आकडे बरोबर, बोलणं गोड, वर केसही लांब. सारिकाला नावं ठेवायला जागाच सापडेना.

त्यात दिवाळीआधी बाहेरचं मोठं गिऱ्हाईक येणार होतं. त्याच्यासमोर मशीनवर जी बसेल तीच पुढं टेस्टिंगची प्रमुख, हे साहेबांनी सांगितलं नव्हतं तरी शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

खंडेनवमीला ज्यानं त्यानं आपापल्या मशीनची पूजा करायची, अशी कारखान्याची रीत. सारिका त्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर. तिनं अॅनालायझरला झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं आणि मग शेजारची छोटी पेटी उघडली. तीत ओपन, शॉर्ट आणि लोड अशा तीन सोनेरी टोप्या होत्या. रोज सकाळी त्या एकेक लावून यंत्राला आधी खरं काय ते दाखवायचं, मगच केबल मोजायची. लोड म्हणजे सगळा सिग्नल गिळणारी, काहीच माघारी न पाठवणारी टोपी. सारिकानं तिन्हींना ओल्या हळदीचं बोट लावलं, लोडला तर लाडानं अंमळ जास्तच.

समीक्षा आली तेव्हा पूजा उरकली होती. "झाली व्हय ताई? मी नारळ आणलता," ती म्हणाली.

"फोड की भायेर," सारिका म्हणाली.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं. समीक्षानं टोप्या लावल्या, केबल जोडली. नापास. दुसरी जोडली, तीही नापास. चांगल्या केबलमधूनही सिग्नल माघारी फिरतोय असं मशीन सांगत होतं. साहेब येऊन बघून गेले. जाताना म्हणाले, "गिऱ्हाईक आल्यावर सारिकालाच बसू दे."

इतकं गोड सारिकाला दसऱ्याचं श्रीखंडही लागलं नव्हतं.

मग समीक्षानं भिंग घेतलं आणि लोडच्या तोंडाशी धरलं. सारिका मागंच उभी होती, तिलाही दिसलं. आत, मधल्या पिनेपाशी, हळद वाळून बसली होती. मुळात लोडच खोटं बोलत होता आणि मशीन त्यालाच खरं धरून चाललं होतं. पूजा कुणी केली, हे विचारायचीही गरज नव्हती.

समीक्षानं काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटनं टोपी पुसली आणि तिन्ही टोप्या पुन्हा लावल्या. एकेक केबल पास व्हायला लागली. काय झालं होतं, म्हणून साहेब विचारायला आले.

"टोपी साफ न करता लावली सर. चूक माझी," समीक्षा म्हणाली.

साहेब "हं" म्हणून गेले. गिऱ्हाइकासमोर सारिकाचं बसणं कायम राहिलं.

सुटल्यावर सारिकानं समीक्षाला गेटवर गाठलं. "खरं का न्हाई सांगितलंस?"

"काय सांगायचं ताई? तुमी मायेनं लावली हळद. मला त्या मशीनची एवढी माया न्हाई. मला नुसतं चालवता येतं."

त्यात कुठं टोमणा आहे का, म्हणून सारिका तिच्या तोंडाकडं बघत राहिली. टोमणा नव्हता. असता तर तिनं तो जागच्या जागी फेडला असता. मशीन तिला परत मिळालं होतं, आणि ज्या पोरीनं ते दिलं तिचा आज पहिल्यापेक्षा जास्त हेवा वाटत होता.