चौसष्टाव्या वर्षी हातात गळ

मासे धरायला मी शिकले ती हौसेनं न्हाई, भीतीनं. वय तेव्हा चौसष्ट.

आमचे मालक कारखान्यातून रिटायर झाले आणि आम्ही गावी परत आलो. बदनापूरच्या पलीकडं, दुधनेच्या काठाला आमचं गाव. पाऊस उघडला, नवरात्र उठलं, नदीचं गढूळ पाणी नितळ झालं की यांचं सुरू. बांबूची काठी, तंगुसाची दोरी, गळ, आणि बंधाऱ्याखालच्या डोहावर सकाळपासून बैठक. त्यात वाईट काय, म्हणाल. वाईट असं की त्यांना शुगर आहे, रोज पोटात सुई घेतात, आणि शुगर कमी झाली तर कोणाला सांगत न्हाईत. त्याच वर्षी श्रावणात अंगणात उभ्याउभ्या पडले. पडायच्या आधी अर्धा तास घाम सुटला होता, हात थरथरत होते, हे मागून कबूल केलं. "मंग सांगितलं का न्हाई?" तर म्हणे, "त्यात सांगायचं काय?"

अंगणात पडले तर उचलता आलं. डोहात पडले तर? ते नदीवर गेले की माझी दुपारची झोप उडायची. म्हणून एके दिवशी डबा घेऊन मीच मागं निघाले.

"तू कुठं?"

"तुमच्यासंगं."

"लोक हसतील."

"हसू द्या. त्यांचे दात, त्यांचं तोंड."

"आन तुझ्या बडबडीनं मासे पार परतूरपर्यंत पळतील, त्याचं काय?"

दोन दिवस मी तोंड बांधून काठावर बसले. पण नुसतं बसून नवऱ्याकडं बघत राह्यलं की त्यांना राग येतो. "पहारा करून राह्यली का?" तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, द्या मंग मला पण एक काठी.

काठी त्यांनीच बांधून दिली, आणि खरं सांगते, लई मन लावून दिली. गळाच्या वीतभर वर शिशाचा मणी. त्याच्या वर हातभर अंतरावर ज्वारीच्या धांड्यातल्या भेंडाचा तुकडा. भेंड पाण्यावर तरंगतं. ते बुडालं की समजायचं, खाली कोणीतरी जेवायला आलं. गळाला गांडूळ टोचायचा माझा जीव होईना, म्हणून मी घरून ज्वारीच्या पिठाचा गोळा नेला. गळ टाकायचा, जरा वेळानं काढायचा, तर गळ रिकामा. पुन्हा गोळी, पुन्हा रिकामा. भेंड मात्र जागचं हलत न्हाई.

डोहाच्या वरच्या अंगाला एक भोईण राहते. चाळिशीची, जाळी विणून मासे विकते, जिभेनं तिखट. ती येऊन मागं उभी राह्यली.

"काकू, माशांना दुधात भाकर कुस्करून देऊन राह्यल्या का? ज्वारी पाण्यात टिकती व्हय? कणीक आणा गव्हाची."

आता जन्मभर भाकरी थापणाऱ्या बाईला पिठाचं ज्ञान सांगायचं! मला असा राग आला म्हणून सांगू. पण घरी येताना वाटेत डोकं चाललं. पिठाची विरी गेली, भाकरी थापताना तुटायला लागली, तर आपण काय करतो? आधणाच्या पाण्यात भिजवतो. मी उकळत्या पाण्यात पीठ घातलं, झाकण ठेवून वाफ आणली आणि हाताला चटके बसेपर्यंत मळलं. गोळा झाला चांगला चिवट. दुसऱ्या दिवशी त्याच गोळीला चिलापी लागली. तळहाताएवढी, पण मी किंचाळले केवढ्यानं!

"ज्वारीवरच जमवलं की काकू," भोईण म्हणाली.

"हळू," आमचे मालक म्हणाले. "गाव गोळा करती का काय."

त्यानंतर मला नादच लागला. भेंडाकडं बघत बसलं की बोलायचं सुचत न्हाई, हे मला या वयात कळलं. घरातलं, शेतातलं, सुनेचं, काही आठवत न्हाई. अन् एक दिवस असं झालं की ज्या कामाला मी आल्ते, तेच विसरले.

ऊन डोक्यावर आल्तं. माझं भेंड थोडं दबलं, पुन्हा वर आलं, पुन्हा दबलं. मी श्वास धरून बसले. मोठा मासा असला की असाच खेळवतो. किती वेळ गेला देव जाणे. मासा काही लागला न्हाई. म्हटलं, यांना सांगावं, म्हणून वळले, तर जागा रिकामी. काठावर चपला. काठी पाण्यात, एक टोक चिखलात अडकलेलं.

"अवो!" मी ओरडले. "अवो, कुठंय तुम्ही?"

डोहाकडं बघितलं. पाणी सपाट. त्या सपाट पाण्याची मला जेवढी भीती वाटली तेवढी पुराची कधी वाटली न्हाई. काठी टाकली, लुगडं खोचलं, गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरले. पोहता येत न्हाई मला. तरी उतरले.

"काकू! ओ काकू! काका हितं हायेत!"

वरून भोईण हात हलवून राह्यली होती. मी धापा टाकत तिच्या झोपडीपाशी गेले. बाजेवर हे बसलेले, शर्ट घामानं चिंब, हातात चहाचा पेला, दुसऱ्या हातात गुळाचा खडा.

"आले अन् म्हणले, बाई, मला शुगर हाये, कमी झाली, गोड दे जल्दी," भोईण म्हणाली. "मी लगेच गूळ दिला, मंग चहा टाकला."

मी यांच्याकडं बघतच राह्यले. स्वतः सांगितलं! परक्या बाईला!

"मला का न्हाई सांगितलं?"

"दोनदा हाक मारली तुला," ते म्हणाले. बोलणं अजून जड होतं, पण ओठांवर हसू होतं. "तुझं भेंड हलून राह्यलं व्हतं. तिसऱ्यांदा मारायला दम न्हवता."

भोईण पदर तोंडाला लावून हसायला लागली. मला रडू येऊन राह्यलं अन् हसू पण. मी बाजेपाशी खाली बसले. मंग एकदम ध्यानात आलं की हा माणूस बाभळीखालून अनवाणी चालत आलाय. शुगरवाल्याच्या पायाला जखम झाली तर लवकर भरत न्हाई. मी त्यांचा पाय ओढून मांडीवर घेतला.

"सोड. लोक बघतेत."

"बघू द्या."

ओल्या पदरानं तळवे पुसले, बोटांच्या बेचक्या बघितल्या. टाचेत एकच काटा, बारीक, वरवरचा. नखानं काढला. रक्तसुद्धा आलं न्हाई.

"न्हाई ना काही?" भोईणीनं वाकून विचारलं.

"न्हाई," मी म्हटलं, आणि दुसरा पाय मांडीवर घेतला.