विमानात चालेल अशी बॅग

आमच्या आलापल्लीहून भामरागडला जाता येतं, एटापल्लीला जाता येतं, सिरोंच्याला जाता येतं. तिथून निघून विमानातही बसता येतं, हे आमच्या घराला माझ्या सव्विसाव्या वर्षी कळलं. आखातातल्या एका दवाखान्यात मला नर्सची नोकरी लागली होती. आधी नागपूर ते मुंबई, मग मुंबईहून पुढे. तेव्हा विमानाची तिकिटं नुकतीच स्वस्त झाली होती, अन् एजंटानं नागपूर-मुंबईचं त्यातलंही सगळ्यात स्वस्त तिकीट काढून दिलं. स्वस्त तिकिटाला अटी फार असतात. मोठी बॅग वीस किलोची, ती खाली सामानात जाणार. सोबत हातात एक छोटी बॅग, तिची लांबी पंचावन्न सेंटीमीटर, रुंदी पस्तीस, जाडी पंचवीस. त्यापेक्षा मोठी चालणार नाही, असं तिकिटाच्या कागदावर खाली बारीक अक्षरात छापलेलं होतं.

तो कागद अब्बांनी दुकानात नेला आणि काउंटरच्या काचेखाली ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला, दुसरं काय. अब्बा पेट्या करायचे. पत्र्याच्या, कडी-कोयंड्याच्या, झाकणावर निळ्या नाहीतर हिरव्या रंगाची फुलं काढलेल्या. बसस्टँडजवळ त्यांचं दुकान होतं, आणि जंगलातल्या गावांमधून लग्नासाठी, धान्यासाठी, आश्रमशाळेत जाणाऱ्या लेकरांसाठी माणसं त्यांच्याकडेच यायची. घरी आम्ही हिंदी बोलायचो, दुकानात मराठी, आणि रागावलो की दोन्हीची खिचडी. इथे मी सगळं मराठीतच लिहिते आहे, कारण आता मला घरचं बोलणंही त्यांच्या दुकानातल्या आवाजातच आठवतं.

अब्बांची मापं घ्यायची एक रीत होती, ती सांगायलाच हवी. गिऱ्हाईक कधी इंच सांगत नसे. "दोन कांबळी अन् चार लुगडी राह्यली पायजे," असं सांगत असे, किंवा "एक पोतं तांदूळ". अब्बा मनाशी हिशेब करायचे आणि पेटीचं आतलं माप धरायचे. पत्रा कापताना कडा दुमडायला, सळई घालायला, बिजागरीला जे लागेल ते बाहेरच्या बाजूला वेगळं सोडायचे. ते गिऱ्हाइकाच्या मापात धरायचं नाही. बाहेरून मोजून पेटी मोठी दाखवणारे दुसऱ्या गावांतले एक-दोन कारागीर होते, त्यांच्याबद्दल अब्बा फारसं चांगलं बोलत नसत. "पेटी आतून असते," म्हणायचे, "बाहेरून तर नुसता पत्रा." चाळीस वर्षांत त्यांची एक पेटी कोणी परत आणली नाही, हे ते आल्यागेल्याला सांगत. जरा जास्तच सांगत.

निघायच्या आठवडाभर आधी आम्ही दोघं बॅग घ्यायला चंद्रपूरला गेलो. पहाटेची एसटी पकडली. अब्बांनी खिशात स्टीलचा टेप घेतला होता आणि तिकिटाचा कागद घडी घालून पाकिटात. वाटेत दोनदा काढून त्यांनी तो कागद पाहिला. मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. मला वाटत होतं, बॅग घ्यायला एवढं काय. पण खरं सांगायचं तर मलाही आवडत होतं. माझ्या शिक्षणासाठी त्यांनी किती पेट्या ठोकल्या याची मोजदाद नाही, पण माझ्यासाठी म्हणून त्यांनी दुकान बंद ठेवलं असं फार कमी वेळा झालं होतं.

गोलबाजाराच्या मागे बॅगांच्या दुकानांची एक गल्ली होती. चार ठिकाणी फिरलो. कुठे भाव परवडेना, कुठे चाक हलत होतं. अब्बा प्रत्येक बॅगेची चेन तीनदा उघडून लावायचे आणि शिवणीवरून अंगठा फिरवायचे. पाचव्या दुकानातला माणूस ओळखीचा निघाला. त्याच्या बापाच्या लग्नातली पेटी अब्बांच्या वडलांनी केलेली. त्यानं चहा मागवला आणि एक निळी, चाकांची छोटी बॅग समोर ठेवली.

"चाचा, विमानवाले लोक वीस इंची नेतात. ही घ्या. स्वस्तही आहे."

अब्बांनी बॅग उघडली, आडवी ठेवली, आत हात घातला आणि टेप एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत लावला. टेपवरचे सेंटीमीटरचे आकडे त्यांनी आयुष्यात कधी वापरले नव्हते, म्हणून ते चष्मा वर-खाली करत होते. मग कागद काढून पाहिला.

"ही तर कमी भरून राह्यली. पंचावन्न दिलं त्यायनं, अन् हे पंचेचाळीसच्या आसपास आहे. आपल्या हक्काचं काऊन सोडायचं?"

दुकानदार म्हणाला, "बावीस इंचीही आहे माझ्याकडे, पण सगळे वीसच नेतात, चाचा."

"सगळे मोजून घेत नसतील."

पेटीवाल्याला माप शिकवणं त्याला बरं वाटलं नसावं. त्यानं वरच्या फळीवरून दुसरी बॅग काढली, गडद लाल. अब्बांनी ती आतून मोजली. पंचावन्न, पस्तीस, चोवीस. त्यांचा चेहरा असा उजळला की मला हसू आलं. "घे," म्हणाले, "जशी काही तुझ्यासाठीच मापानं शिवली." त्यांनी मला विचारलं, "कोणती पायजे?" मी लालच म्हटलं. रंग आवडला होता, आणि दोन ड्रेस जास्त मावणार होते. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे मी जे बोलले ते असं बोलले, जणू मी त्या दुकानात नव्हतेच.

नागपूरला विमानतळावर अम्मी आली नाही, तिचं पोट एसटीत ढवळतं. अब्बा आले. लाल बॅग त्यांनी सबंध प्रवासात मांडीवर ठेवली होती. तिच्यात माझी सगळी मूळ कागदपत्रं होती, नर्सिंगचं रजिस्ट्रेशन, करार, दोन युनिफॉर्म, पांढरे बूट, आणि वरच्या बाजूला अम्मीनं कापडी पिशवीत बांधून दिलेलं खाणं. दाराशी शिपायानं तिकीट पाहिलं आणि अब्बांना बाहेर थांबवलं. मी आत गेले.

काउंटरवरच्या मुलीनं मोठी बॅग वजन करून घेतली. वीसला बरोबर वीस. मग तिनं शेजारच्या लोखंडी चौकटीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, हातातली बॅग त्यात उभी करून दाखवा. मी केली. ती चाकांपाशी अडली. मी ढकलली, वरून दाबली, आडवी करून घातली. माझ्या मागे रांग होती आणि रांगेतली माणसं पाहत होती. मुलगी शांतपणे म्हणाली, चाकं आणि हँडल धरून माप असतं, मॅडम, बाहेरून. ही खाली टाकायची तर जास्तीच्या वजनाचे पैसे पडतील. तिनं जो आकडा सांगितला त्यात तसल्या तीन बॅगा आल्या असत्या, आणि मुंबईत पुढच्या विमानाआधी मला लागतील म्हणून जपलेले पैसे तेवढेच होते.

मी तिथेच फरशीवर बसून बॅग उघडली. अम्मीचं खाणं पिशवीतून काढून बॅगेत मोकळं ठेवलं आणि त्या कापडी पिशवीत कागदपत्रं, एक युनिफॉर्म अन् बूट कोंबले. पिशवीवर गडचिरोलीतल्या कुठल्याशा किराणा दुकानाचं नाव होतं. परदेशात नोकरीला निघालेली नर्स, आणि हातात किराण्याची पिशवी. मला इतकी लाज वाटली की कान गरम झाले. माझी जीभ आधी चालते आणि डोकं मागून येतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी बॅग ओढत दाराशी आले. अब्बा काचेला लागून उभे होते. मला परत येताना पाहून त्यांना आनंदच झाला असावा, कारण ते हसले. शिपायानं दार अर्धं उघडलं. मी बॅग त्यांच्याकडे ढकलली आणि म्हटलं,

"जन्मभर पेट्या केल्या तुमी, अन् एक बॅग मोजता नाई आली? चाकं नाई दिसली तुमाले?"

शिपायानं दुसरीकडे पाहिलं. मागे एक कुटुंब उभं होतं, ते आमच्याकडे पाहू लागलं. अब्बांनी बॅगेचं हँडल धरलं. ते काही बोलतील असं मला वाटलं, माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "कागद घेतले ना सगळे?"

मी हो म्हटलं आणि आत वळले. वेळ झाली होती हे खरं, पण मान वळवून पाहण्याइतका वेळ होता. मी पाहिलं नाही. ते ती बॅग घेऊन नागपूरहून चंद्रपूरला, चंद्रपूरहून आलापल्लीला परत कसे गेले असतील, कोणाला काय सांगितलं असेल, हे मी पुढची कित्येक वर्षं मनात रचत राहिले. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की ती बॅग कशासाठी आणली होती.

तिकडे पोचल्यावर दर शुक्रवारी फोन करायची. कार्ड घासून नंबर लावायचा, आवाज थोडा उशिरा पोचायचा, म्हणून दोघं एकदम बोलायचो आणि एकदम थांबायचो. अब्बा दवाखान्याबद्दल विचारायचे, जेवणाबद्दल, नमाजाला सुट्टी देतात का ते. मी प्रत्येक वेळी ठरवायची की आज बोलायचं. "अब्बा, त्या दिवशी मी," इथपर्यंत वाक्य तयार असायचं. मग ते म्हणायचे, "इथी पाणी लय आहे. भामरागडचा रस्ता बंद झाला, पर्लकोटा नदी पुलावरून वाहून राह्यली." मी म्हणायची, "इथे तर ढगही नाही." आणि कार्ड संपायचं.

आठव्या महिन्यात शुक्रवार नसताना अम्मीचा फोन आला. अब्बा दुकानात बसल्या बसल्या कलंडले होते. करार दोन वर्षांचा, पासपोर्ट मालकाकडे, आणि आमच्यात माती द्यायला वाट पाहत नाहीत. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. मी त्या दिवशी ड्युटी केली. कोणाला सांगितलं असतं तर सुट्टी मिळाली असती, पण सुट्टी घेऊन मी त्या खोलीत काय केलं असतं.

दोन वर्षं पुरी करून मी परत आले, तेव्हा दुकान बंद होतं. मामानं कुलूप उघडून दिलं. अम्मी माझ्यासोबत आली. पत्र्याचे तुकडे, रंगाचे वाळलेले डबे, सगळं होतं तसं. कोपऱ्यात सळई आणि पट्टी जोडून केलेली एक उभी चौकट होती. वर उघडी, चारी बाजूंनी मोकळी. मला वाटलं, घागरी ठेवायला कोणी करून घेतली असेल.

"हे कोणाचं?" मी विचारलं.

अम्मी म्हणाली, "कोणाचं नाई. तुले सोडून आले ना, तवा चार दिवस ती बॅगच उलटीपालटी करून पाहत राह्यले. मंग कम्प्युटरवाल्याकडे गेले अन् विमानवाल्याचं माप पुन्हा लिहून आणलं. ते लोक बॅग कशात घालून मोजतात तेही विचारून आले. मंग ही केली. लाल बॅग आणून तिच्यात घातली. चाकं वर राह्यली, एवढी." तिनं दोन बोटं दाखवली.

"मग?"

"मंग दुपारी जेवायले आले. ताटावर बसून म्हणाले, पोरगी बरोबर बोलली, माझं चुकलं. मी म्हटलं, तर सांगा ना तिले. म्हणाले, शुक्रवारी सांगतो."

मी विचारलं, "सांगितलं का नाही?"

"दर शुक्रवारी म्हणत होते," अम्मी म्हणाली. "फोन ठेवला का म्हणायचे, आज राहून गेलं, तिचं कार्ड संपलं."

मी चौकटीला हात लावला. काम नेहमीसारखं होतं, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, कोणाच्या हाताला लागू नयेत म्हणून. त्यांना माझी माफी मागायची होती. माझी. आठ महिने आम्ही दोघं एकच वाक्य तोंडात धरून बसलो होतो, आणि एकमेकांना पाण्यापावसाचं सांगत होतो.