तीनशे वीसचा नादकाटा

फिरत्या चाकाच्या दात्यांना पुठ्ठ्याचा तुकडा टेकवायचा आणि निघणारा सूर डोळे मिटून ऐकायचा, ही दौलत मिस्त्रींची सवय. कारंजा गावातल्या एका कापसाच्या जिनात ते इंजिन चालवत. मी शाळेत विज्ञान शिकवत असे. एकदा मी त्यांना शाळेतले नादकाटे वाजवून दाखवले, तर त्यांवर कोरलेले आकडे पाहून ते ताठ बसले.

"म्हंजे सूर मोजता येते, मास्तर?"

"येतो की. हा दोनशे छप्पनचा. सेकंदाला तेवढी कंपनं."

"माया चाकाले चौसष्ट दाते हायेत. म्हंजे हा सूर निघाला त सेकंदाले चार फेरे, मिनिटाले दोनशे चाळीस. इंजिनाले परवानगी तेवढीच हाये."

त्याच हंगामात जिनातला पट्टा तुटून तिथेच कामाला असलेल्या त्यांच्या मुलीचा, सोनाचा, उजवा हात गेला. मॅनेजरने कागदावर लिहिलं, मुलीचा हलगर्जीपणा. वेग दाखवणारी सुई दोनशे चाळीसवरच होती.

"सुई वाकवली हाये त्यानं," मिस्त्री म्हणाले. "सरकारी सायब येऊ द्या तपासणीले."

त्या दिवसापासून आम्ही दोघे साहेबाची वाट पाहू लागलो. खोटं कशाला बोलू, मलाही त्या मॅनेजरची जिरलेली पाहायची होती.

साहेब पौषात आला. वाकड्या सुईच्या भरवशावर मॅनेजरने इंजिनाचा वेगही कमी केला नव्हता. मिस्त्रींनी चाकाला पुठ्ठा टेकवला. मी दोनशे छप्पनचा काटा वाजवला, जुळला नाही. तीनशे वीसचा वाजवला आणि दोन्ही सूर एक झाले. साहेबाने इंजिन थांबवून दाते स्वतः मोजले. सेकंदाला पाच फेरे, मिनिटाला तीनशे! मॅनेजरच्या कपाळावरचा घाम मी मनसोक्त पाहिला.

"पट्टा तुटला तेव्हा इंजिनावर कोण होतं?" साहेबाने विचारलं.

मी मिस्त्रींची बाही ओढली. त्यांनी ती झटकली.

"मीच व्हतो. मॅनेजरनं वेग वाढवला हे कानाले समजलं व्हतं, पोटासाठी गप रायलो. मायं नाव बी लिवा."

मॅनेजर आणि मिस्त्री, दोघांचीही नोकरी गेली. आपल्या गावी, कामरगावला परतताना मिस्त्रींनी तीनशे वीसचा काटा मागितला. मी दिला आणि हेडमास्तरांना हरवला म्हणून सांगितलं.

काही वर्षांनी मिस्त्री वारले. सोना काटा परत द्यायला आली, डाव्या हाताने तो टेबलावर ठेवला.

"बा रोज सकायी वाजवे," ती म्हणाली. "म्हने, मॅनेजरले सायबानं सजा देल्ली, मले कोन देईन?"

"मग तू काय म्हणायचीस?"

"मी म्हनायची, अजून एकदा वाजव."