साडूने केलेली कार्बनची काठी

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. पण आता ऐंशी जवळ आली, तेव्हा सांगूनच टाकतो. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत गुळगुळीतपणाचा माझ्या साडूइतका कट्टर वैरी दुसरा झाला नाही.

अंधेरीच्या एका गाळ्यात तो कार्बनच्या धाग्यांपासून वस्तू बनवायचा. केसाहून बारीक काळे धागे रेझिनमध्ये, म्हणजे एका चिवट गोंदात, बसवायचे. "धागा पोलादाला भारी रे, पण अंगाने गुळगुळीत. गोंद त्याला धरतच नाही. ॲसिडात बुडवून जरा खरबरीत केला की बघ कशी मिठी मारतो! जास्त बुडवलास तर मात्र धागाच कुरतडला जातो, वाट लागली!" हे तो लग्नाच्या पंगतीतही सांगे. पुरणपोळी वाढली की आधी पापुद्रा सोलून, पोळीने पुरण किती घट्ट धरलंय ते तपासायचा आणि मगच सासूबाईंना मार्क द्यायचा. मुलीला सांगून आलेलं एक स्थळ त्याने "मुलगा फार गुळगुळीत, संसार सुटेल" म्हणून परत पाठवलं. मेहुणी कडाडली, "मग काय त्याला ॲसिडात बुडवू?" हा खरोखरच विचारात पडला!

सासरे त्याच्या धंद्याला आयुष्यभर "काळे दोरे" म्हणत आले. पार्ल्यात त्यांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं, तेव्हा एक तरी शाब्बासकी मिळवायची म्हणून साडूने त्यांच्यासाठी कार्बनची काठी करायला घेतली. मी गाळ्यावर गेलो तेव्हा ॲसिडातून काढून, धुऊन वाळवलेले धागे टेबलावर पसरले होते. "हात लावू नकोस हं," असं बजावून तो फोनवर बोलायला बाहेर गेला. मी बटाटावडा खात होतो. धागे रेशमासारखे चमकत होते. मांजर कुरवाळावं तसे मी ते दोन्ही हातांनी कुरवाळले. तेल प्यालेल्या धाग्याला गोंद काय धरणार?

औक्षण झालं, सासरे काठी टेकून ऐटीत उठले आणि काठी केळीच्या खांबासारखी पापुद्र्यापापुद्र्याने सुटली. सासरे धपकन सोफ्यावर, मांडीवर नारळ. "काळे दोरे!" ते गरजले. सगळं घर हसलं. साडू पांढराफटक पडला. मीच मोठ्याने म्हणालो, "होतं हो असं, नवा प्रयोग आहे शेवटी!" पुढे काही वर्षांनी सासरे गेले, शाब्बासकी राहूनच गेली.

एका दिवाळीत सांगायचंच ठरवून मुलुंडला त्याच्या घरी गेलो. "साडू, त्या काठीचं..."

"चूक माझीच रे," तो म्हणाला. "धागे ॲसिडात जास्त राहिले असणार. पण सगळे हसत होते तेव्हा एकटा तू माझ्या बाजूने बोललास. ते मी विसरलो नाही." आणि त्याने सगळ्यात मोठी चकली माझ्या बशीत ठेवली.

'माफ कर' म्हणायला उघडलेल्या तोंडात मी ती चकली घातली. पुढच्या दिवाळीला तो नव्हता.