वलगाव ते दर्यापूर, तीन किलोमीटर पुन्हा

नातवंडांनो, तुमचा पहिला प्रश्न मला ठाऊक आहे: वर्षामावशी कितवी आली? तो शेवटी सांगते, कारण मधलं सोडून नुसता नंबर सांगण्यात अर्थ नाही.

वर्षा ही माझी भाची, म्हणजे तुमच्या आईची मावसबहीण. अकोल्याला शाळेत शिकवते. वयाच्या शेहेचाळीसाव्या वर्षी तिनं फोन करून सांगितलं, "मावशी, मी बेचाळीस किलोमीटर धावणार आहे. बघायला ये." मला वाटलं, थट्टा करते आहे. मार्चअखेर पुण्याहून गाडीत बसले आणि सकाळी अकोल्याच्या फलाटावर उतरले, तर ऊन पहाटेपासूनच कुणीतरी तापत ठेवल्यासारखं. या उन्हात धावायचं? घरी पोचल्यावर वर्षानं मोजे काढून पाय दाखवले. अंगठ्याची नखं काळीनिळी. "सरावानं होतं असं," ती म्हणाली. मी त्या दिवशी नीट जेवले नाही.

शर्यत वलगावहून निघून दर्यापूरला संपणार होती. स्थानिक हौशी मंडळींनी भरवलेली. आम्ही आदल्या दिवशी अमरावतीला मुक्कामाला गेलो आणि अंधारात वलगावला पोचलो. बँकेतले, दुकानदार, एक दातांचे डॉक्टर, सगळे दंडाला नंबर बांधून उड्या मारत होते. उजाडण्याआधी सुटायचं होतं, पण झेंडा दाखवणारे पाहुणे आलेच नव्हते. पाहुण्यांशिवाय सुरुवात कशी करायची? सगळे थांबले. पाहुणे आले, हार झाले, भाषण झालं, आणि झेंडा हलला तेव्हा सूर्य चांगला वर आला होता.

माझी नेमणूक दर्यापूरच्या अलीकडच्या एका गावात, कडुलिंबाखालच्या पाण्याच्या टेबलावर. कैरीचं पन्हं, मीठ लावलेली लिंबं, कलिंगडाच्या फोडी. गावातून आमच्यासाठी कळण्याची भाकर (ज्वारी आणि उडदाची) आणि ठेचा आला. दोन्ही बाजूंना काळी, भेगाळलेली, रिकामी शेतं. कुठे कुठे पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) उभ्या. धावणारे एकेक करून आले. ओठ पांढरे, दंडांवर मिठाचे डाग. दातांचे डॉक्टर डोक्यावर पाणी ओतून पुढे गेले. वर्षा मात्र दिसेना.

आणि मग ती आली, ती जीपमधून.

काळी-पिवळी जीप, माणसांनी भरलेली. दोन बायांच्या मध्ये वर्षा, मान टाकून. टेबलावरच्या पोरांनी आधी टाळ्या वाजवल्या आणि मग त्या हवेतच थांबल्या. आम्ही तिला उतरवून सावलीत निजवलं, ओला दुपट्टा डोक्यावर घातला, मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजलं. बऱ्याच वेळानं ती उठून बसली आणि पहिलं वाक्य बोलली, "मला मागं नेऊन सोडा."

झालं होतं असं: पोटऱ्यांत गोळे आले म्हणून ती एका धुऱ्यावर (बांधावर) गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. जीप थांबली, बायांनी काखेत हात घालून तिला उचललं. नको म्हणायला तिच्या घशात आवाज नव्हता. तीन किलोमीटर ती बसून आली होती.

टेबलावरचा एक पोरगा हळूच म्हणाला, "मॅडम, इथूनच पळा ना. कोनाले समजते?"

"परवाच दहावीच्या पेपरला मी कॉप्या पकडल्या," वर्षा म्हणाली, "आणि आता मीच जीपमधून पळू?"

मी म्हटलं, पुरे झालं, घरी चल. माझ्याहूनही जास्त जीपवाले सलीमभाई अडून बसले. "अम्मा, म्या नाही नेत वापस. रिकाम्या वावरात सोडून देऊ का हिले? गुनाह आपल्या सिरपर नक्को."

"अहो, ती शर्यतीत आहे," मी म्हटलं.

"शर्यतीत असंन," जीपमधल्या म्हाताऱ्या कौसाबाई म्हणाल्या, "पन बसली कशी होती ते आमी पाह्यलं. आमच्याकडं आता धुऱ्यावर एकटं बसलेलं मानूस कोनी सोडत नाही, बाई. मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारचा असाच बसला होता. समद्यायनं पाह्यलं. वाटलं, दम खाऊन राहिला. कोनी थांबलं नाही."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. पुण्यात चहा पिता पिता मी वर्तमानपत्रात या भागातल्या शेतकऱ्यांच्या बातम्या वाचल्या होत्या आणि पान उलटलं होतं. या लोकांनी माझ्या भाचीला शर्यतीतून नाही, मरणातून उचलून आणलं होतं, त्यांच्या समजुतीप्रमाणे.

वर्षा कौसाबाईंपुढे बसली. "मावशी, मले जगायचंच आहे. पण हे धावणं पुरं करून. तुम्ही चला माझ्यासंग."

कौसाबाईंनी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "सलीम, फिरव गाडी."

"बाजार उठून जाईन न माय!" मागून कांद्याचं पोतं सांभाळणारा ओरडला.

"तुहे कांदे काय पळून जातेत? ही पळून राहिली, ते पाह्य."

जीप मागे गेली. मीही चढले. वर्षानं बसताना अडकवलेला रुमाल अजून धुऱ्यावरच्या बाभळीला लटकत होता. तिथून ती निघाली, आणि तिच्या मागे आम्ही, पहिल्या गिअरमध्ये. ती चालली की सलीमभाई ब्रेक दाबायचे, ती धावली की कौसाबाई म्हणायच्या, "हं." कांदेवाला आधी कुरकुरला, नंतर जीप तिच्या बरोबरीला आली की तोच खिडकीतून अंग बाहेर काढून तिच्या डोक्यावर पाणी ओतत होता. मी तर मधूनमधून डोळे मिटून घेत होते. माझ्या ओळखीतल्या माणसाला इतकं दुखत असताना मी कधी पाहिलं नव्हतं.

दर्यापूरला मांडववाले खांब उपटत होते. कमान गेली होती, माईक गेला होता. रस्त्यावर फक्कीची पांढरी रेघ तेवढी उरली होती. वर्षानं ती ओलांडली आणि तिथेच बसली, गुडघ्यांत डोकं घालून. कौसाबाई जीपमधून उतरल्या आणि त्यांनी तिचं मनगट धरलं.

"झालं न तुहं? घरी कोन हाय आता?"

"मी आहे," मी म्हटलं.

"मंग ठीक." तेव्हा कुठे त्यांनी हात सोडला.

तर तुमचं उत्तर: वर्षामावशी शेवटची आली. यादीत तर तिचं नावही नाही, कारण यादी करणारे केव्हाच घरी गेले होते.

दोन दिवसांनी परतीच्या गाडीसाठी मी अकोल्याच्या फलाटावर बसले होते. चपलेत खडा गेला म्हणून डोकं पार गुडघ्यांपर्यंत नेऊन खाली वाकले. वर पाहते तो शेजारी एक अनोळखी बाई येऊन बसलेली, मांडीवर पिशवी.

"एकट्याच हाय का, आजी?"

"हो. पुण्याला चालले."

"गाडी येऊ द्या तुमची. मंग जाते मी."

गाडीला उशीर होता. ती बसून राहिली. लेकीच्या सासरचं बोलली, उन्हाचं बोलली, मला डब्यात चढवून दिलं. चपलेत खडा होता, हे मी तिला सांगितलंच नाही.